विमानाच्या माळावरचे चार दगड

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

नवी वाडी, ता. खटाव
५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. राजीस,
दादाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तुझ्या ऋषिराजच्या हाती निरोप द्यायची माझी इच्छा नाही. का, ते पुढे येईल. म्हणून हा कागद.

सात वर्षांत मी विमानाच्या माळावर पाऊल ठेवलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. माझा शंभूराज त्याच धावपट्टीवर पळून पळून भरती झाला आणि तिकडे बर्फात कायमचा गेला. तेव्हापासून मी त्या बाजूला बघतही नव्हतो. पण परवा कालवड सुटली ती नेमकी तिकडेच गेली. तिच्यामागे गेलो तर धावपट्टीच्या कडेला चुना फासलेले दगड दिसले. चार दगड, सारख्या अंतरावर, एका ओळीत. आमच्या पलटणीत रस्त्याकडेला लावायचे अगदी तसे.

महिनाभर टपरीवर एकच विषय आहे. लढाईच्या वेळी इंग्रजांनी विमानतळासाठी घेतलेल्या जमिनीची मोजणी होणार आणि मूळ घरांना ती परत मिळणार. खरं-खोटं देव जाणे. पण दगड बघितल्यावर मी पावलं मोजली. आबा सांगायचे ते तुझ्या लक्षात असेल. विमानाच्या पडक्या खोलीपासून उगवतीला एकवीसशे पावलं गेलं की आपल्या शेजारच्या बादशहाच्या घरचा बांध संपतो आणि तिथून एकशेऐंशी पावलं आपलं वावर. चौथा दगड एकवीसशे पाचव्या पावलावर आहे. म्हणजे बादशहाचं रान दगडांच्या आत आणि आपलं बाहेर. याला मी योगायोग म्हणणार नाही.

आणखी ऐक. बेंदराला गोठा रंगवून उरलेला चुना बादलीत होता, तो निम्माच राहिलाय. ती बादली गेल्या महिन्यात बादशहानेच नेली होती. आणि मेंढरं राखणारा धुळा सांगतो की, पंधरा दिवसांमागं बादशहा आणि तुमचा ऋषिराज टेप धरून माळ मोजीत व्हते. माझा भाचा वाडीत येतो, माळ मोजतो आणि मामाच्या दारात चहाला येत नाही. तूच सांग, काय समजायचं?

शंभूची शिवांजली रोज पहाटे डेअरीला दूध घालायला माळावरूनच जाते. तिला विचारलं, तर कुणीसुदिक दिसत न्हाई म्हणाली आणि पाणी तापवायला निघून गेली. पोर साधी आहे, तिला काय कळणार. त्यात हल्ली डेअरीचं यंत्र बिघडलेलं असतं, तिला यायला तास लागतो. दसऱ्यानंतर कराडचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत. स्थळ चांगलं आहे, मुलगा साखर कारखान्यात कायम आहे.

दाजींना नमस्कार. उलट टपाली लिही, आणि खरं लिही.

तुझा,
लालासाहेब

---

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

सांगली
१२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दादांस,
राजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ज्या कालवडीनं तुम्हाला सात वर्षांनी माळावर नेलं तिला दोन मुठी पेंड जास्त घाला.

दादा, सुभेदार होऊन रिटायर झालात, पण पहारा काही सुटला नाही. चार दगड दिसले की लगेच दुश्मन आला. ऋषिराज औंधाला यमाईच्या दर्शनाला गेला होता, तेव्हा वाडीवरून गेला असेल. टेपेचं मला विचारू नका. कुपवाडच्या कारखान्यात फिटर आहे तो, टेप त्याच्या खिशात असतेच. चहाला आला नाही हे मात्र चुकलं, त्याला मी बोलते.

पण बादशहाभाऊंवर तुम्ही घसरलात ते मला आवडलं नाही. आबांनी सांगितलेलं सगळंच लक्षात ठेवा, नुसती पावलं नको. त्रेचाळीसच्या संक्रांतीच्या तोंडावर साहेबानं लाल निशाणं रोवली आणि पंधरा दिवसांत जुनी वाडी उठवली. हुरड्यात आलेली ज्वारी तशीच कापून वैरणीला घातली. आपली आजी तेव्हा तापानं फणफणली होती. बादशहाभाऊंच्या अब्बांनी आधी आपल्या घरचं बिऱ्हाड त्यांच्या गाडीतून हलवलं आणि स्वतःचं चार दिवसांनी. नंतर आबांनी आणि त्यांनी मिळून त्याच रानावर मुरूम ओतला, बैलं जुंपून रूळ ओढला. आपल्याच वावरावर रूळ फिरवताना दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, असं आबा म्हणायचे. विमानं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लढाई संपल्यावर साहेब खोलीची दारंसुद्धा काढून घेऊन गेला. त्यानंतर ऐंशी वर्षं सगळी वाडी त्या धावपट्टीवर ज्वारी वाळवत आली. तिथं कुणी चार दगड लावले तर बिघडलं काय?

दुसरं, कराडच्या पाहुण्यांचं. पोर एकोणीस वर्षांची आहे. दिवाळी होऊ द्या, वर्ष जाऊ द्या. तिच्या मनात काय आहे ते तिला एकदा समोर बसवून विचारा तरी.

सोबत राखी पाठवते. बांधा, आणि डोकं थंड ठेवा. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
राजी

---

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

नवी वाडी
२४ ऑगस्ट २०२४

चि. सौ. राजीस,
आ. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. टेपेचं मला विचारू नका, असं तू लिहिलंस तिथंच मी समजलो. ज्याला लपवायचं नसतं तो असं लिहीत नाही.

म्हणून मी माझा बंदोबस्त केला. आपलं वावर दगडांच्या बाहेर ठेवायचा डाव होता ना, मग चौथा दगड उचलून मी एकशेऐंशी पावलं पुढे नेला, आपल्या वावराच्या पार कडेला. पण एकच दगड हलवला असता तर कुणाच्याही डोळ्यावर आलं असतं. मीही पलटणीत तीस वर्षं काढलीत. पहिला पंचेचाळीस पावलं सरकवला, दुसरा नव्वद, तिसरा एकशे पस्तीस. पुन्हा सारख्या अंतरावर चार दगड. जमिनीवर सांडलेला चुनाही खरवडून काढला. आता मोजणाऱ्यांच्या बापाला पत्ता लागणार नाही.

बादशहाला टपरीवर चारचौघांत विचारलं की दगड कुणाचे. गप्प राहिला. बादलीबद्दल विचारलं, तरी गप्प. मग मी बरंच बोललो. त्याच्या सात पिढ्या काढल्या असं लोक म्हणतात, इतकं काही आठवत नाही. शेवटी एवढंच म्हणाला की लाला, येळ आली म्हंजी तुलाच कळंल, आणि शेळ्या घेऊन निघून गेला. संध्याकाळी त्याच्या घरून आबेदानं शेवया पाठवल्या होत्या, त्या परत केल्या.

आता तुला सरळ विचारतो. जमीन परत मिळाली तर बहिणीचा हिस्सा पाहिजे म्हणून तू पोराला मोजायला धाडलंस का? हिस्सा पाहिजे तर तोंडाने माग, मी नाही म्हणणारा नाही. पण पाठीमागून मोजणी करू नकोस. राखी मिळाली. बांधली नाही, देवळीत ठेवली आहे. तुझं उत्तर येईल तेव्हा बघू.

लालासाहेब

---

॥ श्री ॥

नवी वाडी
५ सप्टेंबर २०२४

ती. सांगलीच्या आजीस,
शिवांजलीचा शि. सा. न. वि. वि.

आजी, तुला मेसेज बघता येत नाही म्हणून लिहिते. रडू नकोस, मी पण रडत नाहीये. मी ठरवलंय की फौजेच्या भरतीचं सोडून द्यायचं.

ऋषिकाकांनी पडक्या खोलीपासून टेपेनं सोळाशे मीटर मोजून दिले, चारशे-चारशेवर मी दगड ठेवून आजोबांच्या बादलीतला चुना लावला, तेव्हा माझी वेळ सात मिनिटं वीस सेकंद येत होती. साडेसातच्या आत पाहिजे. बादशहा आजोबा रोज घड्याळ घेऊन उभे राहायचे आणि पोरी, लय भारी, असं म्हणायचे. आता दोन आठवडे झाले, मी आठ मिनिटांच्या आत जेमतेम येते. काल सात अठ्ठावन. तू दिलेले बूट चांगले आहेत. गूळ-शेंगदाणे खाते, लवकर झोपते. दगड होते तिथंच आहेत, मीच मंदावले. शेवटच्या चारशेला दगड जवळच येत नाही. पपांना पण असंच व्हायचं का गं? त्यांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

टपरीवर आजोबा बादशहा आजोबांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळ घेऊन पुन्हा हजर. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटते. मम्मीला सगळं माहीत आहे, ती पण रोज खोटं बोलते. डेअरीचं यंत्र कधी बिघडलंच नव्हतं. मला वाटतं, खोटं बोलून पळते म्हणूनच पाय चालत नाहीत.

भरती ऑक्टोबरात आहे. तिथं अविवाहित असल्याचा दाखला द्यावा लागतो. कराडचे पाहुणे आले की मी हो म्हणते, म्हणजे कुणाला खोटं बोलायला नको. तू माझ्यावर रागावू नकोस आणि आहे तशीच माझी आजी राहा.

तुझी,
शिवांजली

---

॥ श्री गणपती प्रसन्न ॥

सांगली
९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

उद्या गौरी येणार, घरात पसारा पडलाय, तरी आधी हे लिहिते.

सोबत शिवांजलीचं पत्र आहे. ते आधी वाचा, मग माझं.

वाचलंत? आता तुमचं मागचं पत्र आठवा. पंचेचाळीस, नव्वद, एकशे पस्तीस, एकशेऐंशी. ऋषिराजनं कागदावर हिशेब करून दाखवला. तुमची एकशेऐंशी पावलं म्हणजे जवळपास एकशे सदतीस मीटर. पोर रोज एवढी जास्त पळते आहे आणि स्वतःच्या पायांना दोष देते आहे. कोणी तरी दगड हलवले असतील असा संशयसुद्धा तिच्या मनाला शिवला नाही. तो स्वभाव तिनं तुमच्याकडून घेतला नाही, ही यमाईची कृपा.

हो, मी लपवलं. बूट मी दिले, ऋषिराजला मी धाडलं. तुमच्या चहाला तो आला नाही, कारण तुमच्यासमोर त्याला खोटं बोलता येत नाही. बादशहाभाऊंनाही गप्प राहायला मीच सांगितलं होतं. तुम्हाला आधी का नाही सांगितलं, ते तुम्हीच जाणता. शंभू गेल्यावर तुम्ही म्हणाला होता की या घरातून आता कुणी वर्दी घालणार नाही. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि दाराआड उभी होती.

हिश्श्याचं विचारलंत ते मला लागलं. फार लागलं, म्हणून इतके दिवस उत्तरही लिहिलं नाही. मला त्या वावरातलं ढेकूळही नको.

दादा, तुमची भीती मला कळते. शंभू माझाही होता. पण पोर हरली तर स्वतःच्या पायांनी हरू द्या, तुमच्या दगडांनी नको. मी तिला काही कळवलेलं नाही. ते तुमचं काम आहे, आणि दिवस थोडे राहिले आहेत.

राग धरला असलात तरी बहीण धरून ठेवा.

राजी

---

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

नवी वाडी
१९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. राजीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. पोरीचं पत्र वाचून मी गोठ्यात जाऊन बसलो. सून स्वप्नाली दोनदा जेवायला बोलावून गेली. पपांना विचारता आलं असतं तर, या ओळीपुढे मला वाचताच येईना.

शंभूच्या वेळी दगड मीच लावले होते. त्याच पट्टीवर, चुना लावून. घड्याळ घेऊन मीच उभा राहायचो आणि पळ म्हणायचो. सात वर्षं मी त्या माळावर राग धरून बसलो, पण तो राग माळावर नव्हता, माझ्यावर होता. हे कुणाला सांगितलं नव्हतं, तुला लिहितो.

संध्याकाळी बादशहाकडे गेलो. उंबऱ्यातच उभा राहिलो. आबेदानं शेवयांची वाटी आणून पुढे ठेवली आणि आता तरी खावा म्हणाली. खाल्ल्या. बादशहा म्हणाला, तू सात पिढ्या काढल्यास, पण त्यातल्या दोन तुझ्याच घराच्या उपयोगी पडल्यात, तेवढं ध्यानात ठेव. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून टेप धरली आणि चारही दगड होते तिथं नेऊन ठेवले. पुन्हा चुना लावला.

सोमवारी पहाटे मी शेवटच्या दगडाशी जाऊन उभा राहिलो. पोर आली, मला बघितलं आणि लांबच थबकली. मी आलोय म्हणजे सगळं संपलं, असं तिला वाटलं असणार. मी घड्याळ वर धरलं आणि पलटणीतल्या आवाजात हाळी दिली, पळ. ती पळाली. सात मिनिटं चार सेकंद. घड्याळ बिघडलंय म्हणाली. मग मी तिला दगडांचं सांगितलं. आधी हसली, मग तिथंच खाली बसून रडली, आणि मीही रडलो. बादशहा शेळ्यांकडे बघत उभा राहिला.

कराडच्या पाहुण्यांना नम्रपणे नाही कळवलं. काल तिला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो आणि अविवाहित असल्याचा दाखला घेतला. सरपंच म्हणाल्या की सुभेदार, पहिल्यांदाच कुणी आजोबा हा दाखला न्यायला स्वतः आला. भीती गेलेली नाही, राजी. ती जायची नाही. रोज पहाटे तिच्यासोबतच उठते.

हिश्श्याचं जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. राखी काल शिवांजलीकडून बांधून घेतली, महिनाभर उशीर झाला तरी चालवून घे. ऋषिराजला म्हणावं, मामाच्या दारात चहा तयार आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. पळणारा माणूस दगडापाशी एकदम थांबत नाही, त्याला पुढे जागा लागते. पोर दगड ओलांडते आणि हळूहळू वेग कमी करत, कमरेवर हात ठेवून, पुढे चालत जाते. शंभूही तसाच जायचा. बरोबर एकशेऐंशी पावलं नसतील, पण जाते ती आपल्याच वावरात. सरकारनं ते परत दिलं काय आणि न दिलं काय, रोज पहाटे आपल्या घरचं कुणीतरी तिथं दम खातं.

आहेस तशी भांडत राहा, आणि भाऊबीजेला नक्की ये.

तुझा,
दादा