मोरीची जाळी

१२ जानेवारी, सोमवार
बाथरूमची मोरी तुंबली. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून आंघोळ. आईंना म्हटलं, तुम्ही जरा थांबा, कारखान्यातून आलो की बघतो. "बघा सवडीने," म्हणाल्या आणि डबा हातात दिला. पोळी, वालाची उसळ, भात. साधना गेल्यापासून डबा त्याच करतात. सासूने जावयाचा डबा करायचा, तोही सत्तरीत, हे बरं दिसत नाही असं कारखान्यात एकाने ऐकवलं. त्याचं खरं असेल. मी मान हलवली.
संध्याकाळी मोरीचं विसरलो.

१३ जाने.
दोन पातेली उकळतं पाणी ओतलं. गुडगुड झालं, पाणी खाली गेलं, मग सावकाश परत वर आलं. वर साबणाचा फेस. बघत उभा राहिलो. वैताग यायला हवा होता. नाही आला.

१५ जाने., गुरुवार
काल संक्रांत. आम्हाला यंदा सण नाही. खालच्या हिनाबेन चिक्की घेऊन आल्या आणि दारातच, "भाईसाब, आप के बाथरूम से टपकता है. मैं नहाने छाता लेके जाऊँ क्या?" चिक्की हातात ठेवून भांडल्या. माणूस बरं आहे. प्लंबरला फोन केला. कल आता हूँ.
जिन्यात सेक्रेटरी भेटला. कबुतरांना खायला घालू नका ही नवी नोटीस पाळल्याबद्दल आभार मानले त्याने. आमच्या खिडकीच्या छज्ज्यावर रोज भात असायचा म्हणे, नोटीस लागल्यापासून नसतो. म्हटलं, वरच्यांचे माना आभार, आम्ही कुठे भात टाकतो.

१७ जाने.
प्लंबर नाही आला. पंप आणला, रबरी, दांड्याचा. पंधरा मिनिटं दाबत बसलो. पाणी उतरलं. मोठं काम केल्यासारखा आईंना सांगायला गेलो. त्या गॅलरीत लसूण सोलत होत्या. "शाब्बास," म्हणाल्या, पण तोंडावर हसू नव्हतं. रात्रीपर्यंत परत तुंबली.
कचरा खाली नेताना सुक्याच्या पिशवीत पावाच्या रिकाम्या पिशव्या. आईंना पाव आवडतो हे नव्यानेच कळलं.

१८ जाने., रविवार
हार्डवेअरवाल्याने पावडर दिली. "हाथ मत लगाना, चमडी निकल जाएगी." पुडीचा कोपरा ओला होऊन फाटायला लागला म्हणून पावडर स्टीलच्या छोट्या डब्यात ओतली. ओट्याखाली रिकामाच पडला होता तो. साधनाचे दिवस झाल्यावर स्वयंपाकघर आवरलं, तेव्हा त्यातले तांदूळ मीच मोठ्या डब्यात ओतले होते. दोन माणसांना तांदळाचे दोन डबे कशाला.
आई बघत होत्या. "त्या डब्यात?"
"रिकामाच होता ना."
"हो. रिकामाच होता."
मग गॅलरीत जाऊन बसल्या. दुपारचा चहासुद्धा तिथेच.

२० जाने.
पावडर टाकली. धूर, घाण वास, डोळे चुरचुरले. पाणी गेलं!! आता सुटलो.

२२ जाने.
कसला सुटतो. आधीपेक्षा वाईट. हिनाबेनकडे छताचा पोपडा पडला. त्या भांडायला वर आल्या, आईंकडे बघून पोपड्याचं विसरल्या. जाताना मला बाजूला घेऊन, "माजी को क्या हुआ? आधी हो गई." मी म्हटलं, मुलगी गेली, त्याचंच आहे. त्या म्हणाल्या, खाती तो है ना? म्हटलं, हो, माझ्या आधीच जेवून घेतात.
आज मुद्दाम पाहिलं. आईंची बांगडी हात वर केला की कोपरापर्यंत जाते. रोज समोर असून मी कुठे बघत होतो कोण जाणे.

२४ जाने., शनिवार
जेवताना मी एकटाच. आई ओट्याशी.
"तुम्ही बसा ना."
"माझं झालं केव्हाच."
पातेलं उघडून पाहिलं. भात निम्म्याच्या खाली. म्हणजे जेवल्यात.
मग त्या म्हणाल्या, "अविनाशराव, शिमग्याला मला गावी सोडाल?"
"सोडतो की. परत कधी आणायला येऊ?"
ताट उचलून नेलं त्यांनी.
साधना गेली तेव्हा लोक रडत होते आणि मी मंडपवाल्याशी खुर्च्यांचं बोलत होतो. तेव्हापासून सगळं असं लांबून. पण हे गावाचं लांबून ऐकू आलं नाही. त्या गेल्या की या घरात मला हाक मारणारं कोणी नाही.

२६ जाने., सोमवार. सुट्टी.
प्लंबर कल आता हूँ. म्हणून मीच बसलो. जाळीचे स्क्रू गंजलेले, खोबरेल सोडून पाच वेळा फिरवले तेव्हा सुटले. हातमोजे घालून आत हात घातला.
आधी केस. आखूड, पांढरे. आईंचे. काळा एकही नाही. साधनाचे औषधांनी आधीच गेले होते, हे माहीत असून मी केसांचा तो पुंजका उलगडून उलगडून बघत बसलो.
त्याखाली भात.
भातच. आंबलेला, पावडरीने थापला गेलेला, दगडासारखा. ओंजळी ओंजळीने काढला. निम्मी बादली भरली. त्यात वालाची सालं. बारा तारखेची उसळ. वरच्यांची लाइन आमच्या मोरीत येतच नाही, मला पक्कं ठाऊक आहे. हा आमचाच भात.
वळून पाहिलं तर आई दारात. पदर तोंडाला.
"कबुतरं होती तोवर बरं होतं," म्हणाल्या. "मोरीत अन्न घालताना आधी हात जोडते हो मी."
"जेवत नाही तुम्ही?"
"पाव आणते ना. ह्यांच्या पेन्शनीतून."
"आणि हा भात?"
"कमी रांधला तर तुम्ही पातेलं उघडून बघता."
ओरडलो मी. काय ओरडलो ते आठवत नाही. बऱ्याच महिन्यांनी माझा आवाज ऐकला.

त्याच दिवशी, नंतर
आई जे बोलल्या ते लिहून ठेवतो.
नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी जेवायचं नाही, असं त्यांच्याकडे. आम्हाला मूल झालं नाही. लग्नानंतर पहिल्या वेळी आल्या तेव्हा पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या, हे मलाही आठवतं. साधनाने भांडून तोड काढली. आईंनी गावाहून स्वतःच्या शेतातले उकडे तांदूळ आणायचे, ते छोट्या डब्यात वेगळे ठेवायचे, त्यांचा भात त्यातलाच. म्हणजे घर लेकीचं, पण अन्न आपलं. मला वाटायचं त्यांना उकडा आवडतो, म्हणून दोन डबे.
"पायलीभर तांदूळ आणायची मी," आई म्हणाल्या. "किती दिवस पुरणार? पण तो डबा कधी संपलाच नाही. साधना वाण्याकडचा आणून गुपचूप भरायची."
"तुम्हाला कळायचं?"
"शेतातला आणि वाण्याचा वासावर कळतो. पण लेक होती. लेकीने फसवलेलं चालतं."
आणि मग, "आता लेक नाही. जावयाच्या घरी कुठल्या तोंडाने जेवू?"
मी म्हणालो, माझा डबा करता, माझे कपडे वाळत घालता, ते चालतं?
"ते करायला काही लागत नाही. खायला नातं लागतं."
मी उठून बादली खाली नेली.
त्यांचा उरलेला तांदूळ मी मोठ्या डब्यात ओतला. आणि त्यांच्या डब्यात ती जहाल पावडर भरली, त्यांच्यासमोर. त्या एवढंच म्हणाल्या, रिकामाच होता.

२७ जाने.
मोरी मोकळी. पाणी कसं सरळ जातं. हिनाबेनने खालून ओरडून सांगितलं, बंद हो गया. आनंद व्हावा असं काही वाटत नाही, पण काम झालं.
आई आज सकाळी पाव खाताना लपल्या नाहीत. ते अधिक वाईट वाटलं.

२८ जाने.
आईंच्या पुतण्याला गावी फोन केला. आईंची जमीन तोच करतो. "भावोजी, यंदा भात सगळा विकला, घरापुरता पण नाही." वर विचारतो, "काकी येतायत ना शिमग्याला? खोली साफ करून ठेवतो." ठेव म्हटलं.

३० जाने., शुक्र.
आमच्या डब्यांच्या कारखान्यातून नवा डबा आणला. झाकणाला बारीक पोचा आहे म्हणून बाजूला काढलेला. जुना पावडरीसकट भंगारात. येताना वाण्याकडून उकडे तांदूळ. दुकानात उभा राहून वास घेतला. मला तर सगळे सारखेच. साधना कसे निवडायची कोण जाणे. ती इथे उभी राहून काय विचार करत असेल हे डोक्यात आलं आणि दुकानातच डोळे भरून आले. वाणी म्हणाला, "क्या हुआ, अंकल, भाव ज़्यादा लगा?"
डबा भरून ओट्याखाली त्याच जागी ठेवला.

३१ जाने., शनिवार
आईंनी सकाळी डबा उघडला. मी पेपर समोर धरून बसलेलो. मूठभर तांदूळ काढून नाकाशी नेले.
"गावचे नाहीत."
"नाहीत."
मूठ मिटून शेगडीशी गेल्या. भात लावायचा होता, पातेल्यात पाणी उकळत होतं. मग माझ्याकडे न बघता,
"पुतण्याने पाठवले असं म्हणा ना."
मला आधी कळेचना. कळलं तेव्हा पेपर खाली ठेवला.
"पुतण्याने पाठवले," म्हणालो.
"बसमधून?"
"बसमधून. काल आले."
"बरं झालं," आई म्हणाल्या, आणि मूठ पातेल्यात सोडली.

१ फेब्रु., रविवार
प्लंबर उगवला!! काम झालेलं बघून नाराज. नवी जाळी बसवून गेला, तिच्याखाली बारीक छिद्रांची गाळणीची वाटी. दर रविवारी जाळी उचलायची, वाटीत अडकलेलं काढायचं, मग उकळतं पाणी सोडायचं, कधी तुंबणार नाही म्हणाला. यातून काहीही गेलं तरी जाळी उचलली की वर दिसेल.
काहीही गेलं तरी वर दिसेल. दिवसभर तेच डोक्यात.

५ फेब्रु.
दोन पातेली होतात आता. माझं आणि त्यांचं छोटं. त्या जेवतात ओट्याशी, माझ्याकडे पाठ करून. जेवतात असं वाटतं. चमच्याचा आवाज येतो. मग ताट घेऊन धुवायला बाथरूममध्ये जातात, कारण सिंकमध्ये माझी भांडी असतात, असं त्या म्हणतात. मी बातम्यांचा आवाज वाढवतो.
शिमग्याचा विषय त्यांनी काढला नाही. मीही तिकीट पाहिलेलं नाही. पुतण्याचा मेसेज: खोली साफ केली.

८ फेब्रु., रविवार
जाळीचा दिवस. पाणी उकळलं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोरीशी बसलो. एक स्क्रू काढला. दुसऱ्याला हात लावला.
बाहेरून आई, "अविनाशराव, तांदूळ संपत आले हो माझे."
आठवड्यात संपले? डबा मी अर्धाच भरला होता, खरं. एका माणसाला आठवडा पुरेल इतका. जेवत असेल तर. टाकत असेल तरीही तितकाच.
"पुतण्याला सांगतो," म्हणालो.
"सांगा. लवकर पाठव म्हणावं."
बसून राहिलो. पातेल्याची वाफ तोंडावर. मग काढलेला स्क्रू परत बसवला, घट्ट पिळला आणि उकळतं पाणी तसंच जाळीवरून सोडलं. सरळ गेलं.
उद्या कारखान्यातून येताना उकडे तांदूळ.