बागेतली गाडी

वहिनींना सा. न.

नवरा गेल्यावर वर्षभर मी तुमच्याकडे राहिले. दर रविवारी तुम्ही तुमच्या दोघा मुलांना मोटारीतून फिरायला न्यायचात. माझी छकुली नटूनथटून दारात उभी राहायची. "अगं, गाडीत जागा नाही," म्हणायचात. मागच्या सीटवर तुमचा कुत्रा ऐसपैस पसरलेला असायचा.

बागेतली मुलांची आगगाडी हल्ली मी चालवते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. काल तुम्ही आलात, तेव्हा बाग नुकतीच उघडली होती. तुमच्या दोघांना मी इंजिनात छकुलीशेजारी बसवलं. तुम्ही चढायला पाय उचललात, तशी मी म्हणाले, "जागा नाही हो, वहिनी." मागचे चारही डबे रिकामे होते.

"आत्या, अजून एक!" पोरं ओरडत राहिली. मी सहा फेऱ्या मारल्या. तुम्ही उन्हात पिशव्या धरून उभ्या होतात. पहिल्या फेरीला धाकट्यानं तुम्हाला हात केला. चौथ्या फेरीला छकुलीच्या गळ्यात हात टाकून तो असा खिदळत होता, की तुमच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

आज माफी मागायला बसले आणि दोन कागद फाडले. लाज वाटेल म्हणून सकाळपासून वाट पाहतेय. अजून वाटलेली नाही.

तुमची नणंद