सरूबाईंच्या गोधडीवरचा बिल्ला

मंचर,
७ फेब्रुवारी २००३

प्रिय चांगदेव,

हस्तीमलचा तुला जयजिनेंद्र आणि रामराम, दोन्ही. तुझा गुडघा हल्ली वर्गात किती वेळ उभं राहू देतो ते कळव. वहिनींना नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत, माझी अब्रू तेवढी आजारी आहे.

मागच्या बाजारात तू सांगितलंस, की तळेघरच्या पुढच्या वाडीत सरूबाईंच्या गोधडीला स्काउटचा जुना कापडी बिल्ला शिवलेला आहे. माझ्याकडे असे दोनशे बारा बिल्ले आहेत (स्वतः मिळवलेला एकही नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक), तरी दुसऱ्याच दिवशी दुकान मुलावर टाकून मी एसटीत बसलो. तळेघरपासून पुढे पायी. वाटेत तीनदा बसलो आणि एकदा बांधावरून खाचरात उतरलो, म्हणजे पडलो.

सरूबाईंनी गोधडी अंगणात पसरली. धुऊन धुऊन विटलेला जांभळा गोल, मधे पांढरं फूल, भोवती दोर, आणि दोराची खालची गाठ चुकलेली. रीफ नॉट या स्काउटच्या साध्या गाठीच्या जागी भलतीच गाठ असलेला बिल्ला मी कुठल्याच यादीत पाहिला नव्हता, आणि चुकलेला बिल्ला म्हणजे आम्हा संग्राहकांचं भाग्य. मी भिंग लावून बराच वेळ बघत होतो, सरूबाई बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मग मी दुकानातून नेलेली नवी लोकरी चादर पुढे केली. त्या गोधडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "न्या भाऊ. एवढं लांबनं चालत आलाय."

घरी येऊन बिल्ला उसवला आणि पुण्याच्या एका जाणकाराला फोन करून टाकला, की बिल्ला परदेशी आहे, साठ वर्षांचा तरी असेल. तेवढ्यात आमच्या कंचनबाईंनी तो हातात घेऊन उलटा केला.

"आतलं अस्तर माझ्या ब्लाऊजचं उरलेलं कापड आहे," ती म्हणाली. "ब्याण्णव साली शाळेनं आपल्याकडून पन्नास बिल्ले करून घेतले. नक्षी तुम्हीच काढून दिली होती."

म्हणजे गाठही माझीच. (स्काउटात तीन वर्षं मला ती जमली नाही. परीक्षेत माझी गाठ तूच बांधायचास.)

"पण हा होता कुणाचा?" कंचननं विचारलं. तेव्हा कुठे सरूबाईंचं अंगणातलं बोलणं मला ऐकू आलं. "आमच्या पोराच्या, सयाजीच्या शर्टावरचा हाय. भीमाशंकरच्या जत्रंत दोन दिस पाणी वाटलं त्यानं. आता सुरतंला असतो, येनं व्हत न्हाई."

कंचननं गोधडीची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. मी काय चीज आहे ते बघायला भिंगाची गरज उरली नव्हती.

तुझा,
हस्तीमल

ता. क. : पत्र आणणाऱ्याजवळच्या पिशवीत गोधडी आहे. मीच जायला हवं, पण तोंड नाही. तू नेऊन दे. चादर त्यांच्याकडेच राहू दे.

ता. क. २ : बिल्ला परत मीच शिवलाय. उभा जन्म कापड विकण्यात गेला, पण सुई पहिल्यांदाच धरली. तिरका बसलाय.

ता. क. ३ : त्यांच्या वळणीवर दुसरी एक गोधडी वाळत होती. तिच्या कोपऱ्यात हिरव्या काठाचं काहीतरी खाकी, बिल्ल्यासारखं दिसलं. मागू नकोस. नुसतं बघून ये, काठाचे टाके मोज, आणि उत्तर घरी नको, दुकानाच्या पत्त्यावर पाठव.