गाण्यापायी रोट वेगळे

जळगाव, आषाढातला गुरुवार

पूजा, आधी आजचा वार नीट लिही. काल काय जेवली ते या नातीला आठवत नाही, आणि माझी रोजनिशी हिच्या हाती!

माझ्या दोन नातवांचा बँड आज आमच्या ओट्यावर मोडला. इथला मयूर व्हायोलिन वाजवायचा, धुळ्याचा तुषार गायचा. पॉप गाण्याला जुन्या विलायती राजवाड्यांतली वाद्यं जोडायची, त्याला बरोक पॉप म्हणतात म्हणे. कॉलेजात टाळ्या पडल्या, मोबाइलवर गाणं गाजलं, पुण्याहून बोलावणं आलं. मग भांडण लागलं, गाण्याखाली पहिलं नाव कोणाचं? मयूरने व्हायोलिनचा गज तुषारच्या छातीला लावला. गज! भावाला!

शिसारी आली मला. चाल तरी कोणाची? आमच्या कानबाई देवीच्या जागरणाला रात्री मी गाते ती. मला सासूने शिकवली. आम्ही कधी नाव लावलं?

जाताना तुषार म्हणाला, "मोठी माय, औंदा आमना रोट येगळा करा." श्रावणात कानबाईच्या नैवेद्याचे रोट, त्या गव्हाच्या जाड पोळ्या, भाऊबंदांनी एकत्र खायच्या असतात. शेत वाटलं तेव्हाही आम्ही रोट वाटले नाहीत, आणि हे एका गाण्यासाठी? तो गज डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हाच तो हिसकावून का घेतला नाही?

रोटाचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ घेतात; ते मी एकाच सुपात घेणार, तुषारच्या नावाची मूठ धरून. उद्या त्याला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठव. पुरणाचे मांडे नकोत, एवढे लाड नाहीत. ठेचा मयूरला कुटायला लाव, आणि डबा देऊन त्यालाच धुळ्याच्या एसटीत बसव.