दिवसअखेरची कोरी ओळ

शनिवार, १८ मे

प्रिय विदाद आत्या,

तुला आणि घरी सगळ्यांना सलाम. मी बरी आहे. तू पाठवलेला झाअतरचा मसाला मिळाला, रोज सकाळी भाकरीला लावून खाते. तुझा गुडघा कसा आहे? जिन्यावर पाणी वाहू नकोस, शेजारच्यांना सांग.

आधी एक दुरुस्ती. दहा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुम्हा शिक्षकांना कायम करण्याचं विधेयक राष्ट्राध्यक्षांकडून मंगळवारी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला सभागृहाकडे परत आलं. ती ओळ काट. ते बुधवारी, आठ तारखेला, सकाळी सव्वानऊला आलं. माझ्याच हातात आलं.

एका दिवसाचा अर्थ तुला मी काय सांगू? महिन्याच्या आत राष्ट्राध्यक्षांनी परत पाठवलं नाही, तर त्यांच्या सहीशिवायही विधेयकाचा कायदा होतो, हे तुम्ही तासिकेवरच्या शिक्षकांनी पाठच करून ठेवलं होतं. तेवीस वर्षं तू तासिकेवर शिकवते आहेस. त्या बुधवारी सकाळी तू कायम झाली होतीस, आत्या. मी तुला पुन्हा तासिकेवर आणून ठेवलं.

कसं, तेही लिहिते. आमच्या आवक शाखेत सभागृहाकडे येणारं टपाल नोंदवायची एक रीत आहे. दिवसाच्या नोंदी संपल्या की वहीत खाली एक ओळ कोरी सोडायची आणि मगच दुसऱ्या दिवसाची तारीख टाकायची. मोठ्या कचेरीचं एखादं पत्र उशिरा आलं, तर ते आदल्या दिवसात बसवता यावं, त्यांना खाली मान घालायला लागू नये म्हणून. पहिल्याच आठवड्यात आमचे मुख्य कारकून अबू रम्झी यांनी ती मला शिकवली. "हा आदबशीरपणा आहे, पोरी. पाहुण्यासाठी खुर्ची ठेवतो ना, तशी." मला ते आवडलंही होतं.

बुधवारी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावरून टपाल आणणारा शिपाई एलियास आला. साठीचा माणूस, मोटारसायकलवरून उतरला की आधी कॉफी मागतो.

"नुहादबाई, साखर कमी. आणि हे कालचं आहे बरं का."

मी म्हटलं, "काल तर तुम्ही आलाच नाहीत."

"मी नाही आलो, पण कागद यायला निघाला होता! सही व्हायलाच रात्र झाली. एवढ्यातेवढ्यावरून राष्ट्राध्यक्षांना मुदत मोजायला लावणार का तू?"

अबू रम्झी टेबलावरून मान वर न करता म्हणाले, "ओळ आहे ना कोरी? मग झालं."

मी लिहिलं. मंगळवार, दुपारी चार. शिक्क्याची तारीख एक घर मागे फिरवली आणि पाकिटावर उमटवली. अक्षर चांगलं आलं होतं.

पाकीट बंद होतं, त्यामुळे आत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं मी या पत्राच्या कच्च्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद फाडला. मला ठाऊक होतं. एलियास कॉफी पिता पिता म्हणाला होता, "तुझ्या त्या मास्तरणींचं लचांड आहे त्यात. आता पुन्हा सगळ्या सभागृहाचं बहुमत गोळा करा म्हणावं. निम्मे प्रतिनिधी तर हजरच नसतात!" हे तो बोलला तेव्हा शिक्का माझ्या हातात होता, अजून मारलेला नव्हता.

का मारला, त्याचं एकच कारण आहे. सप्टेंबरात माझी नेमणूक कायम व्हायची आहे आणि त्यावर अबू रम्झींचा शेरा लागतो. त्यांनी मला धमकावलं नाही. ते चांगले आहेत, माझ्या आजारपणात सूप घेऊन आले होते. मीच मनात हिशेब केला, आणि त्यात तू कुठे बसतेस हे पाहायचं टाळलं.

खोटी नोंद केल्यावर गप्प तरी बसायचं. मी वरून तुला पत्रही लिहिलं. तू विचारलंही नव्हतंस. कुणी विचारायच्या आत तारीख तुझ्या घरात नेऊन ठेवावी, असं मला वाटलं असणार.

तुझं उत्तर सोमवारी आलं. शिक्षक राजधानीत येऊन सभागृहापुढे बसणार होते, मुदतीबद्दल तक्रार करणार होते, आणि तू त्यांना थांबवलंस. तू त्यांना काय म्हणालीस ते तू जसंच्या तसं लिहिलं आहेस: "माझी भाची तिथे बसते. तिला मी स्वयंपाकघरात वाचायला शिकवलंय. तिने डोळ्यांनी पाहिलंय, मंगळवारी आलं. मग आपण तोंड वर करून काय भांडणार?" आणि सत्तर माणसं घरी गेली.

 सरकारच्या शिक्क्यावर त्यांनी विश्वास ठेवला नसता, आत्या. तुझ्यावर ठेवला.

परत आलेलं विधेयक आता समितीपुढे जाणार आहे. बैठकीच्या सुरुवातीला आवक कारकुनाने वहीतली नोंद उभं राहून मोठ्याने वाचायची असते, मग सगळे सभासद माना डोलावतात. या वेळी वाचायची पाळी माझी आहे. काल अबू रम्झी म्हणाले, "घसा बसला असेल तर मी वाचतो." त्यांना कळलं असावं. मी म्हटलं, "नको, काका, माझंच अक्षर आहे."

मी नोंद वाचेन, ती खोटी आहे हे सांगेन, खरा दिवस आणि वेळ सांगेन, आणि रीतही सांगेन. एलियासचं नाव कुणी विचारलं तरच घेईन. समिती काय करील ते मला सांगता येत नाही. माझी नोकरी जाईल हे मात्र सांगता येतं.

हे पत्र तू त्या सत्तर जणांना वाचून दाखव. माझी बाजू घेऊ नकोस. मी लहान होते, घाबरले, असं म्हणू नकोस. मी सत्तावीस वर्षांची आहे. आणि मला भेटायला ये असं मी लिहीत नाही. यावंसं वाटलं नाही तर ते मी समजून घेईन.

गुरुवारी, २३ मे रोजी, सकाळी दहा वाजता समितीपुढे उभी राहणारी

नुहाद