मंगलाष्टकातली आजोबांची ओळ

भिंगार, मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळ

शेजारच्या सुमनताईंच्या पूजाचं उद्या लग्न. गल्लीतल्या लग्नांची मंगलाष्टकं आमची मधुराच लिहिते. मराठी घेऊन एम. ए. करतेय ना. आज दिवाणावर कागद दिसला म्हणून वाचला. पूजाचे गेलेले आजोबा वरून अक्षता टाकतायत, या ओळीला मला रडूच आलं. म्हटलं, "पोरी, सरस्वती बसलीय गं तुझ्या हातावर!"

"आई, हे माझं नाही. सुमनकाकूंनी मोबाईलमधल्या एआयकडून लिहून घेतलं. म्हणाल्या, तुला कशाला त्रास, तू नुसतं म्हण."

ज्यानं आजोबांना कधी पाहिलं नाही, त्यानं मला रडवलं? मग माझ्या लेकीनं एवढं शिकायचं ते कोणासाठी? तिला नोकरी तरी कोण देणार, असं तोंडातून निघूनच गेलं.

"नोकरीचं राहू दे," ती हसली, "हे माझं नाही, ते निदान तू तरी ओळखायचंस."

हसली खरी, पण जेवली नाही. गुरुवारचा उपास मीही नुसत्या दुधावर सोडला. देवी आई, उद्या तीच आजोबांची ओळ मधुराच्या आवाजात येईल. तेव्हा माझे डोळे कोरडे ठेव. ती माझ्याकडेच बघत असेल.