दवाखान्याच्या समारोपाचं भाषण

प्रिय हर्षाली,

प्रिय हे सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. तुझ्या संस्थेचा दवाखाना बंद होतोय, त्याच्या समारंभात मी आभाराचं भाषण करावं असं तू कळवलंस. इथे माझ्या लेकीला, आरोहीला सातवा महिना लागलाय, गावात बाळंतपण करणारं कुणी उरलं नाही, आणि आभार मी मानायचे. जुन्नरच्या होस्टेलवर माझ्या ताटातली भाकरी न विचारता उचलायचीस आणि वर फुगून बसायचीस. तेव्हा मला हसू यायचं.

तू डिंगोऱ्याची, मी लग्न होऊन इकडे आहुप्याच्या वाटेवर डोंगरात आलेली. दवाखान्यासाठी तू आमचं गाव निवडलंस, तेव्हा मी गावभर मिरवले. डॉक्टर चांगले होते, औषधं फुकट होती, हे मी नाकारत नाही. पण एकाच गावात दोन सोयी तुझ्या देणगीदारांना खुपल्या. सरकारी उपकेंद्रातल्या सिस्टरची गरज नाही, असा ठराव तू ग्रामसभेत करून घेतलास. हात वर करायला बायका मीच जमवल्या. रत्ना सिस्टरची आम्ही खणानारळाने ओटी भरली आणि तिला वाटेला लावलं. इथल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिने केलेली. ती रडली, तर आम्हाला वाटलं मायेने रडतेय.

आता मुदत संपली, प्रकल्प यशस्वी झाला, तुम्ही निघालात. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, विचारतात, "आजारी पडायचं बी ह्यांच्या मुदतीत बसवायचं व्हतं का?" सिस्टर परत द्या म्हणून मी तालुक्याच्या साहेबांकडे गेले. ते म्हणाले, संस्थाच सांगते की गावात सगळी सोय झालीय. एवढं तरी दुरुस्त करून दे, म्हणून तुला फोन केला. तू म्हणालीस, देणगीदारांसमोर बरं दिसणार नाही. हर्षाली, तुझी मला किळस आली. पावसाळ्यात आमचा रस्ता बंद होतो, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस.

सोमवारी समारंभाला देणगीदार आणि साहेब पहिल्या रांगेत असतील. मी येणार आहे. हे पत्रच माझं भाषण आहे, त्यातली एक ओळही गाळणार नाही. मैत्रीखातर तुला आधी पाठवलं. समारंभाआधी साहेबांना खरं काय ते लिहून दे, म्हणजे मी नुसते आभार मानून खाली बसेन.

तुझीच, सोमवारपर्यंत तरी,
मंगल